सगळीकडे सारखीच खोली असलेल्या तळ्यात क्रॅपी शोधायचा कुठे?

उथळपाणी

नमस्कार मंडळी. धरणाच्या जलाशयात क्रॅपी (अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा) कसा शोधायचा ते माहीत आहे. नकाशावर बुडालेल्या ओढ्याची वाट पकडायची, तिच्या वळणावर १५-२० फुटांवर पडलेली झाडं सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर) हेरायची आणि वरून गळ सोडायचा. पण टेक्सास-लुइझियाना सीमेवरचं कॅडो लेक आणि उत्तर लुइझियानातले बायू (संथ, दलदलीचे जलप्रवाह) इथे ही रीत चालत नाही. तळ परातीसारखा सपाट, बहुतेक ठिकाणी ४ ते ८ फूट पाणी आणि नजर जाईल तिथवर पाण्यात उभी सायप्रसची झाडं. प्रत्येक झाडाखाली मासा असेल असं वाटतं आणि बहुतेक झाडं रिकामी निघतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्या झाडांतून निवड कशी करायची? बायूत पाण्याची पातळी सारखी वरखाली होते, तेव्हा मासा कुठे सरकतो? आणि इतक्या उथळ पाण्यात सोनारचा उपयोग किती?

साधनं: १६ फुटी ॲल्युमिनियमची सपाट बोट, १२ फुटी काठ्या, १/१६ औंसाचे जिग (डोक्याशी वजन असलेले कृत्रिम आमिषाचे गळ), जिवंत शायनर (आमिषाचे छोटे मासे). फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ डोळ्यासमोर आहे, पण उन्हाळ्याबद्दलही सांगा.

गरीवाला

झाड शेवटी निवडायचं. आधी पाणी निवडा.

जलाशयात खोली बदलली की तापमान, प्राणवायू, उजेड सगळं बदलतं, म्हणून तिथे खोलीचा नकाशा पुरतो. उथळ नैसर्गिक तळ्यात वारा पाणी वरपासून खालपर्यंत घुसळतो, त्यामुळे उन्हाळ्यातही थंड-गरम थर सहसा टिकत नाहीत. तिथे फरक उभा नसतो, आडवा असतो. एका खाडीतलं पाणी दुसरीपेक्षा ४-५ अंश गरम, एकाचा रंग चहासारखा, दुसरं गढूळ, तिसऱ्यात प्राणवायूच नाही. तळ्याचा अर्ध्याहून जास्त भाग अशा पाण्यामुळेच बाद होतो. तो आधी बाद करा, मग झाडांकडे बघा.

तापमान. पृष्ठभागाचं तापमान दुपारच्या उन्हात फसवतं. दोरीला थर्मामीटर बांधून २-३ फुटांवर दोन मिनिटं धरा. ५० अंश फॅरनहाइटच्या वर गेल्यावर मासे बायूच्या खोल वळणांतून काठाकडे सरकू लागतात. साधारण ६२ ते ६८ अंशांत अंडी घालतात. फेब्रुवारीत तळ्याचा उत्तर काठ आधी तापतो, कारण तिथे उत्तरेचा वारा अडतो आणि दक्षिणेकडचं ऊन दिवसभर पडतं. काळ्या गाळाचा तळ आणि चहाच्या रंगाचं पाणी त्याहून लवकर तापतं. मासा मात्र अंड्यांसाठी निव्वळ मऊ गाळ टाळतो. वल्ह्याचा दांडा तळाला टेकवून बघा: सहज आत रुतला तर पुढे चला, टणक माती, वाळू, शिंपल्यांचा चुरा किंवा मुळांचं जाळं लागलं तर थांबा. अशा जागा अंगणाएवढ्याही असतात आणि नकाशावर दिसत नाहीत. सापडली की जीपीएसवर खूण करा, पुढच्या वर्षीही कामी येते.

निवळपणा. पांढरा जिग खाली सोडा आणि किती खोलीवर दिसेनासा होतो ते बघा. ६ इंचांत दिसेनासा झाला तर मासे उथळ आणि लाकडाला अगदी चिकटून असतात, जिग खोडाला घासून जायला हवा. २-३ फुटांपर्यंत दिसत असेल तर ते झाडापासून थोडे लांब, जरा खोल आणि बोटीला घाबरणारे असतात. मग काठी लांब हवी.

प्राणवायू. याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि हाच सगळ्यात जास्त घात करतो. पुराचं पाणी जंगलात शिरलं की पानांचा थर कुजतो, कुजताना प्राणवायू खातो. एप्रिलनंतर पाणी तापलं की हे झपाट्याने होतं. जलपर्णी आणि जायंट साल्व्हिनिया या तरंगत्या वनस्पतींच्या सलग चादरीखालीही तीच गत: ऊन आत जात नाही, वारा पाण्याला लागत नाही. खूण अशी की छोटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून असतात, झिंगे आणि क्रॉफिश (गोड्या पाण्यातले शेवंडासारखे जीव) देठांवर वर चढलेले दिसतात, वल्ह्याने गाळ ढवळला की सडक्या अंड्याचा वास येतो. प्राणवायू मोजायचं यंत्र असेल तर लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर पाणी चांगलं. ३ च्या खाली असेल तर कितीही देखणं झाड असो, गळ टाकू नका.

नुसता काळा रंग बघून पाणी सोडू नका. सालींच्या आणि पानांच्या अर्काने काळं झालेलं पण हलतं पाणी क्रॅपीला आवडतं. साचलेलं काळं पाणी आणि हलतं काळं पाणी यांत फरक करायला शिकणं हेच इथलं निम्मं काम आहे.

सायप्रसकाठी

वरचं सगळं मान्य. आता झाडांबद्दल.

दाट रानाच्या मधलं झाड शक्यतो सोडा. रांगेचं टोक, रांगेपासून तुटून उभं राहिलेलं एकटं झाड, जोडीने उभी झाडं, बुंध्याशी बटनबुशचं झुडूप असलेलं झाड, आणि पाण्यात आडवा पडलेला शेंडा, या क्रमाने बघत जा. कॅडोमध्ये क्रमांकांच्या खांबांनी आखलेल्या होडीवाटा आहेत. त्या वाटा शेजारच्या पाण्यापेक्षा बऱ्याचदा फूट-दोन फूट खोल असतात. सपाट तळ्यात ६ इंचांचा उतारसुद्धा मोठा, म्हणून अशा वाटेच्या कडेवर उभं असलेलं झाड आतल्या वीस झाडांपेक्षा भारी पडतं.

सायप्रसचा बुंधा पाण्याखाली पसरतो. खोड वरून दोन फुटांचं दिसलं तरी मुळं चार-पाच फूट बाहेर आलेली असतात. नवखा माणूस जिग खोडाला टेकवून सोडतो आणि तो उतरत्या बुंध्यावरच अडतो. मासा मात्र मुळांच्या बाहेरच्या काठावर असतो. म्हणून एका झाडाला निदान चार ठिकाणी गळ सोडा: खोडाला लागून, पन्हळीसारख्या खाचेत, मुळांच्या टोकावर, आणि पाण्याबाहेर आलेल्या गुडघ्यांच्या (मुळांतून वर आलेल्या सुळक्यांच्या) खोल बाजूला. उन्हाच्या दिवसात सावलीची बाजू आधी. फेब्रुवारीच्या थंडीत उलट, ऊन लागणारी बाजू आधी.

जोडणी: १० ते १२ फुटी काठी, ८ किंवा १० पौंडी तंगूस, १/१६ औंसाचा जिग. पाणी थंड असेल किंवा मासे नुसते चाटून सोडत असतील तर १/३२ औंस, तो सावकाश उतरतो. जिवंत शायनर लावायचा तर २ नंबरचा पातळ तारेचा ॲबर्डीन गळ घ्या आणि त्याच्या वर फूटभर अंतरावर एक छोटं शिसं दाबा. पातळ तारेचं कारण असं की लाकडात अडकल्यावर सावकाश ओढलं की गळ सरळ होऊन सुटतो, मग पक्कडीने पुन्हा वाकवायचा. त्यासाठी तंगूस गळापेक्षा मजबूत हवं. ४ पौंडी तंगूस लावलं तर प्रत्येक मुळाला एक जिग दान होतो.

क्रॅपीचे डोळे वर रोखलेले असतात. तो खालचं आमिष फारसं उचलत नाही, वरचं घ्यायला उठतो. म्हणून ४ फूट पाण्यात दीड फुटापासून सुरुवात करा, मग सहा-सहा इंच खाली जा. थेट तळाशी सोडलेला जिग माशाच्या नजरेखालून निघून जातो आणि आपल्याला वाटतं झाड रिकामं आहे. प्रत्येक जागी १०-१५ सेकंद स्थिर धरा, नाचवू नका, पाण्याच्या हालचालीने जिग हलतो तेवढा पुरे. अंड्यांवर राखण करणारा नर काळपट झालेला असतो. तो भुकेने नाही, हाकलण्यासाठी तोंड घालतो, त्याच्यासमोर तर जिग जितका निश्चल तितका बरा.

लागल्याची जाणीव नेहमी झटक्याने होत नाही. तंगूस ढिलं पडलं किंवा जिगचं वजन अचानक नाहीसं झालं, तर समजा माशाने तो घेऊन वर उचलला आहे. मनगटाने हलकेच उचला. ओठाची कातडी कागदासारखी पातळ असते, झटका दिला की फाटते.

एका झाडाला चार मासे लागले तर ते झाड नीट वाचा: किती पाणी, कोणती बाजू, मुळं की झुडूप, काठापासून किती लांब. मग तशीच झाडं शोधा. एकाच झाडाला चिकटून राहण्यात हशील नाही.

बगळा

बायूचं उत्तर मी देतो, कारण तिथे झाडापेक्षा गेज, म्हणजे पाण्याच्या पातळीचं मापक, महत्त्वाचं.

दक्षिण लुइझियानातल्या अचाफालाया खोऱ्यात गरवणारे लोक निघण्यापूर्वी ब्यूट ला रोझच्या गेजचा आकडा बघतात. आकडा किती आहे यापेक्षा तो कुठल्या दिशेने चालला आहे हे जास्त सांगून जातं. पाणी चढत असेल तर साकाले (तिथे क्रॅपीला हेच म्हणतात) पसरतात, पूर आलेल्या जंगलात शिरतात, जिथे बोट जात नाही. पाणी उतरू लागलं की जंगलातलं पाणी छोट्या नाळांमधून बायूत परततं, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासे येतात. या नाळांच्या तोंडाशी मासे जमतात. रोज दोन-चार इंच असं संथ उतरणारं पाणी उत्तम. एका रात्रीत फूटभर घसरलं तर मासे घाबरल्यासारखे थेट मुख्य पात्रात उतरतात आणि दोन-तीन दिवस तोंड उघडत नाहीत.

नाळेच्या तोंडाशी काय बघायचं? आतून येणारं पाणी निवळ-काळं आणि बायूतलं गढूळ असेल तर दोघांची सीमारेषा स्पष्ट दिसते. गळ निवळ बाजूला, रेषेपासून फूट-दोन फुटांवर. आतून येणारं पाणी सडकं असेल तर उलट, मासे मुख्य बायूच्या बाजूला सरकलेले असतात. धारेच्या मध्यात उभं राहू नका, क्रॅपी वाहत्या पाण्यात ताकद खर्च करत नाही. धारेशेजारचं शांत पाणी, पडलेल्या झाडाची खालची बाजू, वळणाचा आतला काठ, अशा ठिकाणी तो थांबतो.

हिवाळ्यात बायूंचे फाटे, बाहेरच्या बाजूची वळणं आणि खोदलेले कालवे, म्हणजे ८ ते १५ फूट पाणी जिथे मिळेल तिथे. किनाऱ्याजवळच्या बायूंत भरती-ओहोटी जेमतेम फूटभर असते. तिथे पातळी वाऱ्याने ठरते: उत्तरेचा जोरदार वारा पाणी समुद्राकडे ढकलतो आणि सकाळी काठ उघडा पडलेला असतो. कॅडोसारख्या आतल्या तळ्यांना हे लागू नाही.

नदीपासून तुटलेल्या घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या तळ्यांतही, म्हणजे आर्कान्सामधल्या लेक चिको किंवा लुइझियानातल्या फॉल्स रिव्हरसारख्या ठिकाणी, थोडं वेगळं गणित आहे. बाहेरचा बाक खोल आणि उभ्या काठाचा, आतला बाक उथळ आणि पसरट. अंड्यांच्या दिवसांत आतला बाक, एरवी बाहेरचा. एवढं लक्षात ठेवलं तर निम्मं तळं तिथल्या तिथे बाद होतं.

उथळपाणी

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. दोन पुरवणी प्रश्न. मार्चमध्ये मासे काठाला आलेले असताना थंड वाऱ्याची लाट आली तर ते पुन्हा खोल पाण्यात जातात का? इथे तर खोल पाणीच नाही. आणि सोनारबद्दल कुणी बोललं नाही.

सायप्रसकाठी

लाटेनंतर फार लांब जात नाहीत. ज्या झाडाच्या काठाच्या बाजूला होते त्याच्या खोल बाजूला येतात, किंवा रांगेच्या बाहेरच्या झाडाला, आणि तळाकडे बसतात. तोंड उघडायचं प्रमाण घटतं, म्हणून १/३२ औंसाचा जिग, त्याला छोटा शायनर आणि एका जागी अर्धा मिनिट. आकाश लख्ख निळं असेल तर दुपारी जा, सकाळची घाई नको. दोन-तीन उबदार दिवसांत पुन्हा काठाला दिसतील.

गरीवाला

सोनारबद्दल. खाली बघणारा साधा सोनार इथे फक्त खोली सांगतो. २० अंशांचा शंकू ४ फूट पाण्यात तळावर जेमतेम १.४ फूट व्यासाचा होतो, आणि तेवढ्यात जो मासा होता तो बोटीने केव्हाच पळवलेला असतो. बाजूला बघणारा सोनार मात्र उपयोगी आहे. दोन्ही बाजूंना ५०-६० फुटांचा पल्ला ठेवा, ताशी ३ मैलांच्या आसपास सरळ रेषेत चालवा, बुडालेली खोडं आणि झुडपं टिपून घ्या. गरवायला त्या जागांवर नंतर या, बोटीची खळबळ शांत झाल्यावर.

समोर पाहणारा लाइव्ह सोनार ६-८ फुटांच्या मोकळ्या पाण्यात कमाल करतो. पण ३ फूट पाण्यात, मुळांच्या गर्दीत, पडदा लाकडाच्या प्रतिध्वनींनी भरून जातो आणि माशाचा ठिपका वेगळा काढता येत नाही. सायप्रसच्या रानात त्याच्यावर भिस्त ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

बगळा

इथे मी थोडा असहमत आहे. रानात नाही चालत, कबूल. पण उन्हाळ्यात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये क्रॅपी मोकळ्या पाण्यात शॅड या छोट्या माशांच्या थव्यांमागे फिरतो. तेव्हा झाडांना गळ लावत बसण्यापेक्षा लाइव्ह सोनारने एकटं खोड शोधून ३० फुटांवरून आमिष पोचवणं कैक पटींनी बरं. उन्हाळ्यातली दुसरी जागा म्हणजे कमळाच्या पानांचा बाहेरचा काठ आणि पानांतली भगदाडं, पण पहाटे लगेच नको. रात्रभर वनस्पती प्राणवायू वापरतात, पहाटे तो सगळ्यात कमी असतो. ऊन चढल्यावर, नऊ-दहाच्या पुढे, सावलीतले मासे हालचाल करू लागतात.

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २-३ फूट पाण्यात ट्रोलिंग मोटरचा (बोट हळू चालवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरचा) पंखा गाळ उडवतो आणि गढूळ ढग बोटीच्या पुढे जातो. झाडापासून ३० फुटांवर मोटर बंद करा, पुढे एका हाताने वल्हवा किंवा बांबूने टेका देत जा. टेनेसीतला रीलफूट लेक १८११-१२ च्या भूकंपांनी तयार झाला, त्यात बुडालेल्या जंगलाचे खुंट आजही पाण्याखाली आहेत आणि सरासरी खोली ५ फुटांच्या आसपास. तिथल्या स्टंप-जम्पर होड्यांची वल्ही सांध्याची असतात, म्हणजे वल्हवणाऱ्याचं तोंड पुढे राहतं आणि खुंट दिसतात. कॅडोतही होडीवाट सोडली की इंजिन अगदी हळू आणि किल-स्विचची (माणूस पडला तर इंजिन बंद करणाऱ्या कळीची) दोरी अंगाला अडकवलेली हवी.

पाणगवत

फ्लोरिडातून एक भर. इकडच्या गोल तळ्यांत सायप्रस बहुधा फक्त काठाला असतो, मध्ये लाकूड काहीच नाही. इकडे काळा क्रॅपी, ज्याला लोक स्पेक म्हणतात, थंडीत मधल्या मोकळ्या पाण्यात थव्याने फिरतो. त्याला बोट संथ चालवून शोधतात: ६-८ काठ्या, १/१६ आणि १/३२ औंसाचे जिग आलटून पालटून, ताशी पाऊण ते एक मैल. एका काठीला लागला की तीच खोली बाकीच्यांना लावायची. जानेवारी ते मार्चमध्ये ते लव्हाळ्यांच्या आणि लिलीच्या पट्ट्यांत येतात, तेव्हा दाट गवतातल्या टोपलीएवढ्या भोकात सरळ वरून जिग सोडायचा.

क्रॅपी पांढऱ्या जातीचा की काळ्या ते ओळखायचं असेल तर पाठीच्या परावरचे काटे मोजा. पांढऱ्याला साधारण ५-६, काळ्याला ७-८. पांढरा गढूळ पाणी सहन करतो, काळ्याला निवळ पाणी आणि वनस्पती लागतात. बोटीत काय येतंय त्यावरून आपण कोणत्या पाण्यात आहोत याचा अंदाज बांधता येतो.

गरीवाला

निघण्यापूर्वी नियम बघा. लुइझियानात राज्यभराची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ५० क्रॅपी आहे, टेक्सासमध्ये २५ आणि किमान लांबी १० इंच. पण सीमेवरच्या कॅडो तळ्याला आणि टोलेडो बेंड जलाशयाला वेगळे नियम लागू आहेत, म्हणून दोन्ही राज्यांच्या मत्स्य विभागांची त्या वर्षाची पत्रकं वाचा आणि परवाना कोणत्या पाण्यावर चालतो तेही पाहा.

बोट बाहेर काढल्यावर ट्रेलरचे रोलर, मोटरचा पंखा आणि दिव्यांच्या तारांमधून साल्व्हिनियाचा कणन्‌कण काढा, बोटीतलं आणि आमिषाच्या डब्यातलं पाणी तिथेच ओता. अनुकूल हवेत ही वनस्पती आठवडाभरात दुप्पट होते, आणि तिचा तुकडा दुसऱ्या तळ्यात गेला तर वर लिहिलेला प्राणवायूचा प्रश्न त्या तळ्यातही सुरू होतो.

बटनबुशच्या झुडपात काठी घालण्यापूर्वी वर बघा, तिथे गांधीलमाशांची पोळी असतात. खाली फांदीवर विषारी कॉटनमाउथ साप वेटोळं घालून बसलेला असू शकतो. जिग अडकला तर हाताने सोडवायला जाऊ नका, काठीचं टोक जिगपर्यंत गुंडाळत न्या आणि मागे ढकला, बहुतेक वेळा सुटतो.